गरिबाचे पोट म्हणजे उकिरडा नव्हे!

‘त्यांना चालते.’ आमच्या समाजाची आणि आमच्या सरकारांची सारी अन्ननीती या दोन शब्दांत मावते. पावसाने काळी पडलेली ज्वारी आपल्याला नको, त्यांना चालते. सोंड्यांनी पोखरलेला तांदूळ आपल्या डब्यात नको, त्यांच्या पिशवीत चालतो. लग्नाच्या मांडवात उन्हाने आंबलेला मसालेभात पाहुण्यांना वाढता येत नाही, वस्तीवर पाठवता येतो. तारीख उलटलेला बिस्किटपुडा शहरातल्या काचेच्या दुकानातून हटवतात आणि आठवडी बाजारातल्या गोणपाटावर मांडतात. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या सीमापट्ट्यात राहणाऱ्या कुणाही मराठी माणसाला हे ‘ते’ कोण आहेत, हे सांगावे लागत नाही. तो स्वतः कधी ना कधी त्या ‘त्यां’च्यात मोजला गेलेला असतो.

उलटून गेलेले अन्न खावे की खाऊ नये, हा प्रश्न आजकाल फार विचारला जातो. तो विचारणारा बहुधा फ्रिजचे दार उघडे धरून उभा असतो. त्याच्यापुढे निवड असते: खावे किंवा टाकून द्यावे. पण ज्याच्यापुढे निवडच नाही, त्याच्या वतीने हा प्रश्न कुणी विचारायचा? आज तो आम्ही विचारतो, आणि त्याचे उत्तर ज्यांनी द्यायचे त्यांची नावे घेऊनच विचारतो: व्यापारी, अधिकारी, पुढारी आणि पुण्य कमावायला निघालेले यजमान.

आधी मूळ प्रश्नाचा निकाल लावू. शिळे आणि सडके यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर आमच्या आयाबायांना कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधीपासून ठाऊक आहे. कलबुर्गी-बिदरकडची कडक भाकरी पहा. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजायची, मग पार ओल जाईपर्यंत सुकवायची. ती आठवडेच्या आठवडे टिकते, वारीला जाते, ऊसतोडीला जाते, आणि आज महिला बचत गटांच्या हातून शहरांच्या बाजारातही जाते. तिच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी असते. उन्हाळ्यात वर्षाचे पापड-कुरडया होतात, मिठात आणि तेलात लोणचे मुरते. या सगळ्यामागे एकच शास्त्र आहे. जंतूंना आणि बुरशीला पाणी लागते. ते काढून घेतले, किंवा मिठाने-गुळाने बांधून टाकले, की अन्न टिकते. आमच्या भागातल्या जुन्या पेवांची रीतही तीच. घट्ट जमिनीत खड्डा, आत काडाचे अस्तर, वरून तोंड बंद. आतल्या धान्याच्या श्वासानेच हवेतला प्राणवायू संपे आणि किडे गुदमरून मरत. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी दिवा सोडून पाहत, कारण त्या हवेत माणूसही मेला असता. काठाची, ओल लागलेली ज्वारी वेगळी काढत. ही माणसे अडाणी नव्हती. जुने धान्य त्यांनी आनंदाने खाल्ले, कुजके मात्र ओळखून बाजूला काढले.

तेव्हा आम्ही तारखेचे पुजारी नाही. पुड्यावर छापलेली ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ ही ओळ चवीविषयी आणि कसाविषयी असते. ‘अमुक तारखेपर्यंत वापरा’ ही ओळ जिवाविषयी असते. पहिली तारीख चार दिवसांनी उलटली म्हणून कोरडा, कीड नसलेला, नीट बंद राहिलेला रवा उकिरड्यावर फेकणारा शहरी माणूसही अन्नाचा अपराधीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने २०२४ साली मांडलेल्या हिशेबानुसार जगात २०२२ या एका वर्षात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले बहुतेक घराघरांतून गेले. अन्न फेकणारे हात आणि सडके अन्न खाणारी तोंडे एकाच देशात, एकाच तालुक्यात, कधी कधी एकाच गल्लीत असतात. पहिल्यांच्या चुकीला दुसऱ्यांच्या पोटात जागा करून देण्याची जी सोय आम्ही लावली आहे, ती या अग्रलेखाची आरोपी आहे.

कारण सडलेले अन्न ही चवीची तक्रार नाही. ते विष आहे, आणि या विषाचा हिशेब आमच्याच दख्खनच्या पठारावर लिहिला गेला आहे. १९९५ साली कापणीच्या सुमारास झालेल्या पावसात ज्वारी आणि मका भिजला, दाण्यावर बुरशी चढली. पठारावरच्या गावांतून लोकांना पोटात मुरडा, गुडगुड आणि जुलाब सुरू झाले. शास्त्रज्ञांनी पन्नास गावे पाहिली. त्यांतल्या सत्तावीस गावांत हा आजार सापडला. ज्या घरांत ते भिजके, बुरसट धान्य खाल्ले जात होते त्याच घरांत तो होता. ज्यांनी चांगले धान्य खाल्ले त्यांना काही झाले नव्हते. धान्यात फ्युमोनिसिन नावाचे बुरशीचे विष निघाले. तेच धान्य कोंबडीच्या पिलांना घातले तर त्यांनाही जुलाब झाले. त्या घरांनी ते धान्य आवडीने खाल्ले असेल काय? घरात दुसरी ज्वारी असती किंवा ती घ्यायला खिशात पैसा असता, तर काळा दाणा जात्यात घालायची हौस कुणाला आहे?

त्याच्याही आधी, १९७४ साली, राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात बुरशी आलेला मका खाऊन माणसे कावीळ होऊन, पोटात पाणी होऊन मेली. नोंदलेले मृत्यू १०६. ते विष अफलाटॉक्सिन. ज्या बुरशीतून ते निघते तिला उष्ण, दमट हवा आणि नीट न सुकलेला दाणा एवढेच पुरते. मका, शेंगदाणा, मिरची, ज्वारी, काहीही तिला चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हे विष माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. ते यकृत धरते. आणि ते तव्यावर मरत नाही. बुरशी जळते, विष राहते. ‘भाजले की झाले’, ‘उकळले की झाले’ हा भरवसा इथे साफ खोटा आहे. भाकरीच्या एका कोपऱ्यावर बुरशी दिसली की तेवढा तुकडा मोडून उरलेली खायची, हाही तोच खोटा भरवसा. डोळ्यांना दिसतो तो बुरशीचा माथा, तिची मुळे मऊ अन्नात खोलवर गेलेली असतात. ‘मग गुरांना घाला’ म्हणणाऱ्यांनीही ऐकावे: गाईने ते विष खाल्ले की त्याचा अंश दुधात उतरतो आणि वळसा घेऊन पुन्हा मुलाच्याच पेल्यात येतो.

ज्वारी काळी का पडते, याचेही उत्तर लपलेले नाही. जुने खरिपाचे वाण उशिरा निसवत आणि पाऊस ओसरल्यावर पिकत. जास्त उत्पन्नासाठी आणलेले लवकर येणारे संकरित वाण ऐन पावसातच पिकू लागले, आणि कणसावर बुरशीने ठाण मांडले. बिदरहून हैदराबादला जाताना लागणाऱ्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत या बुरशीवर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. म्हणजे कारण माहीत, परिणाम माहीत, उपायही माहीत: दाणा वेळेवर सुकवा, ओल बारा टक्क्यांच्या आसपास आणा, काळा दाणा वेगळा काढा. तरी २०२५ च्या सप्टेंबरात भीमा आणि मांजरा दुथडी भरून वाहिल्या, कलबुर्गी आणि बिदरमधली उभी पिके पाण्याखाली गेली, आणि शेतकरी भिजलेले सोयाबीन, मूग, उडीद रस्त्याच्या कडेला पसरून सूर्याकडे पाहत बसला. वाळवण्याची यंत्रे किती गावांत होती? गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आलेल्या भिजक्या मालातले विष किती पोत्यांत तपासले गेले? पंचनामा नुकसानीचा झाला. दाण्यात काय शिरले, त्याचा पंचनामा झाला नाही. भिजका माल पडेल भावाने घेतला जातो, आणि पडेल भावाने घेतलेला माल कुणाच्या तरी तोंडी जातोच. तो कुणाच्या तोंडी जातो, हे विचारण्याची जबाबदारी सरकारची आहे, आणि सरकार ती विचारत नाही.

कच्च्या धान्याची ही कथा, तर शिजवलेल्या अन्नाची आणखी वाईट. आमच्या भागात चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. कलबुर्गीचा उन्हाळा साऱ्या कर्नाटकात कुप्रसिद्ध आहे. याच दिवसांत लग्ने लागतात. पहाटे भात उतरतो, दुपारी पंगती उठतात, चारला आचारी भांडी रिकामी करतो. पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या मधल्या उबेत जंतू वाढतात, आणि आमचा मांडव दिवसभर त्याच उबेत असतो. भातातले एक जातीचे जंतू शिजवतानाही मरत नाहीत. त्यांची बीजे शिल्लक राहतात, कोमट भातात फुटतात आणि असे विष टाकतात की भात पुन्हा खदखदवला तरी ते जात नाही. हाताच्या जखमेतून, नाकातून खव्यात आणि मिठाईत जाणाऱ्या जंतूंचे विषही उकळून मरत नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात. बत्तीस अंशांपुढच्या उन्हात शिजलेले अन्न तासाभरापेक्षा जास्त उघडे राहू नये, असा नियम जाणकार सांगतात. आमच्या मांडवात ते सात-आठ तास राहते.

आणि मग यजमानाला पुण्य आठवते! उरलेले अन्न टेम्पोत भरून सांजेला वस्तीवर, बांधकाम मजुरांच्या पालांवर, ऊसतोड्यांच्या कोप्यांवर पाठवले जाते. फोटो निघतात. रात्री लेकरे ओकतात, त्यांचा फोटो कुणी काढत नाही. उरलेले चांगले अन्न भुकेल्याला देणे हे थोर काम आहे, ते केलेच पाहिजे. त्यासाठीच केंद्राने २०१९ साली शिल्लक अन्नाच्या वाटपाचे नियम केले. अन्न योग्य तापमानात ठेवा, मुदतीत वाटा, त्यावर माहिती लिहा, मुदत संपलेले वाटू नका, असे ते सांगतात. म्हणजे दुपारी बारालाच जादा पातेले झाकून पाठवा. पंगतीआधी पाठवा, पंगत उठल्यावर नको. जे तुम्ही तुमच्या व्याह्याच्या ताटात रात्री वाढणार नाही, ते मजुराच्या ताटात वाढण्याचा अधिकार तुम्हाला कोणत्या धर्माने दिला?

आता बाजाराकडे वळू. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचे सत्ताविसावे कलम नीट वाचा. मुदत संपल्यावर माल पुरवणारा घाऊक व्यापारी जबाबदार. मुदत संपल्यावर माल विकणारा दुकानदार जबाबदार. सडलेले, कुजलेले, किडा-आळी-सोंड्यांनी भरलेले आणि त्यामुळे आरोग्याला घातक झालेले अन्न हे याच कायद्याच्या भाषेत ‘असुरक्षित अन्न’ आहे. असुरक्षित अन्नाने माणूस मेला तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि दहा लाखांपेक्षा कमी नाही असा दंड. मेलेल्याच्या वारसांना किमान पाच लाखांची भरपाई. कायदा वाघ आहे, पण त्याला पिंजऱ्यातून बाहेर काढणारा कुणी नाही. २०२४ च्या डिसेंबरात केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाला सगळ्या उत्पादकांकडून मुदत संपलेल्या आणि नाकारलेल्या मालाचा दर तिमाहीचा हिशेब मागावा लागला, तो कशासाठी? असा माल नवे लेबल लावून पुन्हा माणसांच्या तोंडी जातो, हे खुद्द सरकारला दिसले म्हणून! पण कंपनीच्या दारात मागितलेला हिशेब औरादच्या आठवडी बाजारातल्या गोणपाटापर्यंत पोहोचत नाही. तिथे तारीख खोडलेला पुडा पाच रुपयाला दोन मिळतो, आणि तो घेणारी बाई मुलाच्या हट्टापुढे आणि स्वतःच्या गाठीपुढे हरलेली असते.

शिवाय ती तारीख वाचणार कोण? लेबलावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की कायद्याचे समाधान होते; बाकी भाषा ऐच्छिक. कारखानदार इंग्रजी निवडतो. भालकीच्या म्हातारीला मराठी वाचता येते, आळंदच्या मजुराला कन्नड वाचता येते. दोघांनाही त्या पुड्यावर आपला मृत्यू कुठल्या कोपऱ्यात लिहिला आहे हे कळत नाही. या सीमाभागात १९५६ पासून भाषेवरून केवढे रण माजले! महाजन आयोग आला, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. कर्नाटकाने २०२४ साली दुकानांच्या फलकावर साठ टक्के कन्नड हवी असा कायदा केला. मराठी शाळा आणि मराठी कागदपत्रे यांसाठी इथला मराठी माणूस अजून झगडतो आहे आणि तो झगडा रास्त आहे. पण दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना आम्ही विचारतो: दुकानाच्या कपाळावरच्या अक्षरांसाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांनो, दुकानाच्या आत विकल्या जाणाऱ्या पुड्यावरची तारीख आईला वाचता यावी म्हणून तुम्ही एकदा तरी घोषणा दिली का? भाषेचा अभिमान जिथे लेकराचा जीव वाचवू शकला असता, नेमके तिथे तो मुका झाला.

आणि सरकारची कोठारे? इथे बिदरच्या मातीलाच साक्षीला बोलावू. पंधराव्या शतकात बहमनी राजधानी कलबुर्गीहून बिदरला आली. या दरबाराचे अंमलदार दामाजीपंत मंगळवेढ्याला होते. दुष्काळात माणसे टाचा घासून मरू लागली, तेव्हा त्यांनी बादशहाचे कोठार उघडले आणि धान्य वाटून टाकले. बिदरहून बोलावणे आले, तेव्हा विठू महाराचे रूप घेऊन प्रत्यक्ष पांडुरंगाने दरबारात जाऊन मोल चुकते केले, अशी कथा मराठी घराघरांत सांगितली जाते. त्या कथेत देवाला धावून यावे लागले ते कोठार उघडणाऱ्यासाठी. आज आमच्या राज्यकर्त्यांचा पराक्रम नेमका उलटा आहे. २०१० साली गोदामांत आणि ताडपत्रीखाली धान्य सडत होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, सडू देण्यापेक्षा गरिबांना फुकट वाटा. तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार म्हणाले, ही न्यायालयाची सूचना आहे. न्यायालयाला पुन्हा ठणकावून सांगावे लागले की सूचना नव्हे, हा आदेश आहे. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी न्यायालयाने धोरणात शिरू नये असे सुचवले. दाणा चांगला होता तेव्हा तो भुकेल्याला द्यायचा नाही. तो भिजला, किडला, उबटला, मगच त्याच्या वाटपाची चर्चा करायची. याला धोरण म्हणायचे असेल, तर दुष्काळाला काय म्हणायचे?

याच भागाची जमीन तुरीचे कोठार म्हणून ओळखली जाते. गुलबर्गा तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिची चव, तिचे लवकर शिजणे देशभर नावाजले गेले. ती डाळ पिकवणाऱ्या मजुराच्या रेशनच्या पिशवीत काय असते? अन्नभाग्य योजना २०१३ पासून चालू आहे, अन्नसुरक्षेचा केंद्रीय कायदाही त्याच वर्षीचा. धान्य मिळते हे सत्य आहे, आणि ज्यांनी ते मिळवून दिले त्यांचे ऋण आम्ही मान्य करतो. पण तांदळात सोंडे निघाले, जाळी धरलेली निघाली, तर तक्रार कुणाकडे? ‘घ्यायचा तर घ्या, नाहीतर कार्ड ठेवा’ हे उत्तर ऐकून परत फिरणारी बाई भिकारीण आहे काय? ती कायद्याने हक्कदार आहे. तिला किडका दाणा नाकारून बदलून घेण्याचा अधिकार आहे, आणि जो अधिकारी तिला तो सांगत नाही तो पगार खाऊन गुन्हा करतो.

शाळेतल्या पोराचीही तीच गोष्ट. कर्नाटकात माध्यान्ह भोजनाला ‘अक्षर दासोह’ म्हणतात. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याणात, आजच्या बसवकल्याणात, कायक आणि दासोह यांचा उद्घोष झाला: श्रम करा, आणि जे मिळेल ते सगळ्यांसह एका पंगतीत वाटून खा. हे नाव लावणाऱ्या योजनेवर त्या परंपरेचे ओझे आहे. केंद्राचे २०१५ चे नियम सांगतात की अन्न वाढण्याआधी शिक्षकासह मोठ्या माणसांनी त्याची चव घेतली पाहिजे, अन्नाचे नमुने तपासले गेले पाहिजेत, आणि अन्न मिळाले नाही तर मुलाला भत्ता मिळाला पाहिजे. चव घेण्याची ही अट कागदावरची सही नाही. स्वतःच्या जिभेवर ठेवून मगच लेकराच्या ताटात वाढण्याची ती शपथ आहे.

कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांच्या देवळात आजही दासोह चालतो. बिदरच्या नानक झिरा गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो. तिथे ताजे शिजते आणि आलेल्या प्रत्येकाला तेच वाढले जाते. जात विचारत नाहीत, कार्ड विचारत नाहीत, आणि मुख्य म्हणजे मागच्या पंगतीचे उरलेले दुसऱ्या कुणासाठी वेगळे राखत नाहीत. आमच्या मातीत हा धडा आठशे वर्षे गिरवला जातो आहे, आणि आमच्या कचेऱ्यांना तो अजून वाचता येत नाही.

कारण या रोगाचे मूळ पोटात नसून समाजरचनेत आहे. शिळे, उष्टे, मेलेल्या जनावराचे हेच ज्यांच्या वाट्याला शतकानुशतके मोबदला म्हणून आले, त्यांना १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले: मृत जनावराचे मांस सोडा, दुसऱ्याच्या टाकलेल्या तुकड्यांवर जगणे सोडा. पाण्याचा लढा आणि ताटाचा लढा त्यांनी एकाच परिषदेत उभा केला. त्याला शंभर वर्षे होत आली. तरीही सालगड्याला रात्रीची भाकरी आणि सकाळचे कालवण देणारी घरे या पट्ट्यात आहेत. तरीही ‘शिळे आहे, पण चालेल ना?’ हा प्रश्न पाहुण्याला विचारत नाहीत, कामवालीला विचारतात. तिचा होकार हा होकार नसतो. त्यात नकाराची किंमत मोजलेली असते.

आता या अपराधाच्या तीन सबबी ऐका. पहिली: ‘आम्हीही खाल्ले, आम्हाला काही झाले नाही.’ तुम्ही तरणेताठे होता, घरात डॉक्टरचे पैसे होते, आणि बुरशीचे विष यकृत हळूहळू पोखरते, त्याच दिवशी दाराशी येऊन हाक मारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी साठ कोटी माणसे आजारी पडतात आणि सुमारे चार लाख वीस हजार मरतात. त्यांतली सव्वा लाख पाच वर्षांखालची बालके असतात. दुसरी सबब: ‘अन्न हे पूर्णब्रह्म, टाकायचे कसे?’ पूर्णब्रह्म म्हणायचे आणि ते किडेपर्यंत कुलूप लावून ठेवायचे, यासारखी विटंबना नाही. अन्नाचा मान राखायचा असेल तर ते चांगले असताना द्या. तिसरी: ‘गरिबांना परवडते ते हेच.’ गरिबाला परवडत नाही ते आजारपण! दोन दिवसांचे जुलाब म्हणजे दोन दिवसांची मजुरी, सलाईनची बाटली, सावकाराकडे गहाण पडलेली गाडगी-मडकी. स्वस्त म्हणून घेतलेला पुडा सगळ्यात महाग पडतो तो त्यालाच.

म्हणून आमच्या मागण्या उघड आहेत. बिदर आणि कलबुर्गीतल्या प्रत्येक गंजात, काळ्या आणि भिजक्या धान्याची बुरशीच्या विषासाठी चाचणी झाल्याशिवाय ते माणसाच्या खाण्यासाठी विकू देऊ नये. दर तालुक्यात दाणे वाळवण्याची यंत्रे सरकारने द्यावीत, आणि ती पुराच्या आधी द्यावीत. कर्नाटकाचे अन्न सुरक्षा खाते आणि महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन यांनी सीमेवरच्या आठवडी बाजारांत एकत्र छापे घालावेत. किडलेल्या मालाला सीमा नसते, मग तपासणीला का असावी? पुड्यावरची मुदत कन्नडात आणि मराठीत, ठळक अक्षरांत छापली गेलीच पाहिजे. रेशनच्या प्रत्येक दुकानावर लिहा: किडके धान्य बदलून मिळेल, आणि न मिळाल्यास तक्रार अमुक ठिकाणी. नमुना घेतल्यावर अन्न विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावा असे कायदा सांगतो. तो अहवाल चावडीवर लागला पाहिजे.

आणि वाचकहो, मायबहिणींनो, सगळे सरकारवर सोडू नका. अन्न सुरक्षा कायद्याच्या चाळिसाव्या कलमाने साध्या ग्राहकालाही शुल्क भरून विकत घेतलेले अन्न तपासून घेण्याचा हक्क दिला आहे. माल दोषी निघाला तर ते शुल्क परत मिळते. गावातल्या बचत गटाने, पंचायतीने, मंडळाने हा हक्क एकदा वापरून दाखवावा. गणपतीच्या वर्गणीतले थोडे पैसे एका पुड्याच्या तपासणीला लागू द्या. कुबट दाणा, खवट शेंगदाणा, तार सुटलेले कालवण ओळखायला तुमचे नाक पुरेसे आहे. त्या नाकाचा शब्द प्रमाण माना, कुणाच्याही भिडेला बळी पडू नका. व्यापारी बंधूंनो, मुदत संपलेला माल परत पाठवण्याचा करार कंपनीशी करा; तो तोटा कंपनीने सोसावा, खेड्यातल्या पोराच्या आतड्याने नव्हे.

जे अन्न मंत्र्याच्या ताटात जात नाही, ते शाळेच्या ताटात जाणार नाही. जो दाणा तहसीलदाराच्या घरी दळला जात नाही, तो रेशनच्या पिशवीत पडणार नाही. जे लग्नाच्या पहिल्या पंगतीला चालत नाही, ते वस्तीला चालणार नाही. एवढा एकच नियम पाळायचा ठरवला तर या दोन जिल्ह्यांतली निम्मी हगवण आणि सगळी लाज संपेल. तो जे पाळणार नाहीत, त्यांची नावे आम्ही छापू, त्यांच्या दारात उभे राहू, आणि त्यांनी पाठवलेला प्रत्येक सडका दाणा त्यांच्याच टेबलावर नेऊन ओतू!